मागची खिडकी बदलत होती : स्पॉट मीटरिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेला आपल्या ३६ कर्मचाऱ्यांची पोर्ट्रेट हवी होती. ती एका भिंतीवर ओळीने लागणार होती, म्हणून सगळी एकसारखी दिसली पाहिजेत, एवढी एकच अट. ऐकायला सोपी, पण पुढचा सगळा घोळ याच अटीपायी झाला. एकेकटा फोटो वेगळा पाहिला असता तर निम्म्या चुका कोणाला कळल्याही नसत्या.

काम एका तरुण छायाचित्रकाराचं होतं. तिला पोर्ट्रेटचा हात चांगला, पण एका बैठकीत इतकी माणसं तिने पहिल्यांदाच घेतली होती. मी सोबतीला होतो, रिफ्लेक्टर धरायला आणि लॅपटॉपवर फायली उतरवायला. ओळख पटू नये म्हणून जागेचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. एक्स्पोजरचे, म्हणजे फोटोला किती प्रकाश मिळाला त्याचे, आकडे मात्र त्या दिवसाच्या फायलींमधलेच आहेत.

जागा वरच्या मजल्यावरचा हॉल. समोरच्या बाजूला रुंद खिडकी, बाहेर झाडं. मागे हीच खिडकी दिसावी असा संस्थेचा आग्रह. म्हणजे बसणाऱ्याची पाठ खिडकीकडे, आणि चेहऱ्यावर प्रकाश येणार तो डाव्या भिंतीतल्या लहान खिडकीतून. कॅमेरा ट्रायपॉडवर, ८५ मिमीची लेन्स, फ्रेम उभी, कमरेपासून वर. अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/४, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ४००, फायली रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या. मीटरिंग नेहमीचं, संपूर्ण फ्रेमचा अंदाज घेणारं मॅट्रिक्स.

अडचण

पहिली नऊ माणसं भराभर झाली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बरे वाटत होते. त्या स्क्रीनवर विसंबू नये हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी विसंबलो. चहाच्या सुट्टीत लॅपटॉपवर पाहिलं तर झाडं सुरेख हिरवी, आकाशातसुद्धा थोडा तपशील, आणि चेहरे काळवंडलेले. शटर १/५०० सेकंद. चेहरे जवळजवळ दोन स्टॉप अंडर, म्हणजे हवे त्याहून काळे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

यात कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मॅट्रिक्स फ्रेममधल्या सगळ्या भागांची तडजोड काढतं, आणि इथे निम्मी फ्रेम उजळ खिडकीने व्यापली होती. खिडकीला वाचवता वाचवता त्याने चेहऱ्याचा बळी दिला.

मी म्हटलं, "स्पॉटवर टाक. चेहऱ्यावरच मोजू दे त्याला." सल्ला माझाच होता हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढची अकरा माणसं त्या सल्ल्याच्या हिशेबात जातात.

मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे फ्रेमचा एक लहानसा भागच मोजण्यावर, गेलं, बाकी काहीच बदललं नाही. पहिले दोन-तीन चेहरे उजळ आले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. मग एकाच माणसाच्या लागोपाठच्या तीन फ्रेम आल्या १/१२५, १/६० आणि १/३२० वर. माणूस तोच, खुर्ची तीच, बाहेर ढगाचा मागमूस नाही. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ अंडर आले. त्यांच्या मागोमाग काळ्या कोटातल्या बाई बसल्या, त्यांचं कपाळ पांढरंफटक पडलं.

मी शटरच्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. खरी गोष्ट तिने पकडली.

"दादा, चेहरे सोडा, खिडकी बघा. प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी दिसतेय."

खरंच तसं होतं. एका फ्रेममध्ये झाडाची फांदी न् फांदी मोजता येत होती, पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी नुसता पांढरा पत्रा. खिडकीवरचा प्रकाश तर बदलला नव्हता. याचा अर्थ कॅमेरा दर वेळी वेगळं काहीतरी मोजत होता आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य करत होतो.

मीटर नेमकं काय मोजत होतं

थोडं थांबून फायली शेजारी शेजारी लावल्यावर दोन वेगवेगळ्या चुका निघाल्या. दोन्हींचा परिणाम सारखाच दिसत होता, म्हणून आम्ही त्यांना एकच समजत होतो.

पहिली चूक जागेची. स्पॉट मीटरिंगमध्ये कॅमेरा फ्रेमचा अगदी लहान भाग मोजतो, कॅमेऱ्याच्या बॉडीप्रमाणे साधारण दीड ते पाच टक्के. तो भाग नेमका कुठे आहे हे कॅमेऱ्यागणिक बदलतं. निकॉनमध्ये स्पॉटचं वर्तुळ सहसा निवडलेल्या फोकस बिंदूसोबत सरकतं. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये ते फ्रेमच्या मधोमध ठाण मांडून असतं. सोनीच्या बऱ्याच बॉडींमध्ये मध्य की फोकस बिंदू, हे आपण मेनूमधून ठरवायचं. आमच्या हातातला कॅमेरा मधोमध मोजणारा होता आणि फोकस होता डोळ्यावर. उभ्या फ्रेममध्ये कमरेपासून वर माणूस घेतला की डोळे वरच्या तिसऱ्या भागात येतात आणि मध्यभागी येते कॉलर. आम्ही इतका वेळ लोकांचे शर्ट मोजत होतो. पांढरा शर्ट आला की मीटर म्हणे प्रकाश जास्त आहे, चेहरा अंडर. काळा कोट आला की चेहरा ओव्हर. आणि माणूस जरा पुढे झुकला, कॉलरच्या जागी मान आली, की १/३२० चं १/६० व्हायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी चूक अर्थाची, आणि ती जास्त खोलवर होती. अकरांपैकी दोन माणसं उंचीने बसकी होती, त्यांचा गाल बरोबर वर्तुळात आला होता. मोजमाप योग्य जागी झालं होतं. तरीही फोटो चुकले. त्यातले एक सावळ्याहून गडद वर्णाचे गृहस्थ, दुसऱ्या खूप गोऱ्या बाई. शेजारी ठेवल्यावर दोघांच्या गालांचा टोन हुबेहूब सारखा, एकाच डब्यातला रंग फासावा तसा. गृहस्थांचा चेहरा धुतल्यासारखा फिका, बाईंचा मळकट. शटर अनुक्रमे १/६० आणि १/२५०.

कॅमेऱ्याच्या मीटरला त्वचा, शर्ट, भिंत यातलं काही कळत नाही. समोर आहे ते मधल्या करड्यासारखं दिसावं एवढाच हिशेब तो करतो. बाजारात १८ टक्के ग्रे कार्ड मिळतं, तो हा करडा. गडद त्वचा त्या करड्याहून एखादा स्टॉप खाली असते, गोरी त्वचा सुमारे एक स्टॉप वर. मीटरने गृहस्थांना एक स्टॉप उचललं आणि बाईंना एक स्टॉप दाबलं. त्याच्या परीने दोन्ही उत्तरं अचूक होती.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १९८३ मध्ये ऑलिंपसचा ओएम-४ आला. त्यात एकाच दृश्यातली आठपर्यंत स्पॉट रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढता यायची. मला त्याहून मोलाची वाटतात त्यावरची दोन बटणं, हायलाइट आणि शॅडो. एखाद्या पांढऱ्या गोष्टीचं रीडिंग घेऊन हायलाइटचं बटण दाबलं की कॅमेरा दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर देई. काळ्या गोष्टीचं घेऊन शॅडो दाबलं की दोन आणि दोन तृतीयांश स्टॉप कमी. समोरची वस्तू पांढरी की काळी हे माणसानेच सांगायचं, हे बनवणाऱ्यांनी यंत्राच्या अंगावरच कोरून ठेवलं होतं. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास बांधलेली झोन सिस्टिमही याच पायावर उभी आहे : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या टप्प्यांना झोन म्हणायचं, मीटर सगळ्याला पाचवा झोन, म्हणजे मधला करडा, समजतो, आणि समोरची गोष्ट कुठल्या झोनमध्ये ठेवायची ते आपण ठरवायचं. आजच्या कॅमेऱ्यावर तशी बटणं नसली तरी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आहे, मीटरने काढलेलं एक्स्पोजर आपल्या हाताने कमी-जास्त करायची सोय. मी "स्पॉटवर टाक" एवढंच म्हणालो होतो. निम्मं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं होतं.

समोर असलेले पर्याय

सोळा माणसं उरली होती आणि बाहेर खुर्च्यांवर लोक घड्याळं बघत होते.

मॅट्रिक्सवर परत जाऊन कॉम्पेन्सेशन दोन स्टॉप वर ठेवायचं, हा सर्वांत झटपट मार्ग. पण मॅट्रिक्सचा अंदाज फ्रेममध्ये खिडकी किती दिसते यावर अवलंबून. जाडजूड माणूस बसला की खिडकी झाकली जाणार, किडकिडीत बसला की उघडी पडणार, आणि अधिक दोनचा अर्थ दर वेळी बदलणार. एकसारखेपणाची अट असताना हे चालण्यासारखं नव्हतं.

स्पॉट तसाच ठेवून प्रत्येकाच्या गालावर रीडिंग घ्यायचं, एक्स्पोजर लॉक करायचं, वर्णाप्रमाणे कॉम्पेन्सेशन द्यायचं आणि मग फ्रेम बांधायची. पुस्तकी उत्तर हेच, आणि एका माणसाचं पोर्ट्रेट असतं तर मीही हेच सुचवलं असतं. इथे दोन अडथळे होते. कॅमेरा ट्रायपॉडवर असल्यामुळे दर वेळी ट्रायपॉडचं डोकं सैल करून गालावर न्यायचं, लॉक करायचं आणि परत आणायचं. शिवाय प्रत्येकाच्या वर्णाचा अंदाज डोळ्याने करायचा, सोळा वेळा. माणसाची नजर तिसऱ्या-चौथ्या चेहऱ्यानंतर आधीच्या चेहऱ्याशी तुलना करू लागते आणि अंदाज घसरतो. लॉकची आणखी एक फसगत असते. बऱ्याच बॉडींमध्ये शटरचं बटण अर्धं दाबल्यावर मॅट्रिक्सचं रीडिंग धरून ठेवलं जातं, स्पॉटचं नाही, त्यासाठी लॉकचं वेगळं बटण दाबून धरावं लागतं. अर्धं दाबून फ्रेम हलवणाऱ्याला वाटतं गाल मोजला, प्रत्यक्षात क्लिकच्या क्षणी मधोमध जे असेल ते मोजलेलं असतं.

सगळं अंडर ठेवून रॉमध्ये उचलू, हा विचारही येऊन गेला. दोन स्टॉप उचलता येतात, नाही असं नाही. पण गडद कोट आणि केसांच्या सावलीत कण दिसू लागतात, आणि हे फोटो मोठे छापायचे होते.

फ्लॅश सोबत होता, काढला नाही. बाजूच्या खिडकीचा मऊ प्रकाश हीच त्या जागेची खरी मिळकत होती.

उरला मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे. खुर्ची हलत नाही, खिडक्या हलत नाहीत. मग चेहऱ्यावर पडणारा प्रकाश एकदाच नीट मोजायचा आणि आकडे बांधून टाकायचे. कोण बसलं, त्याचा रंग काय, शर्ट कुठला, याच्याशी मीटरचा संबंधच ठेवायचा नाही. स्पॉट वापरायचा, पण मोजण्यापुरता. फोटो काढताना त्याचं ऐकायचं नाही.

काय केलं

ग्रे कार्ड बॅगेत नसून घरी राहिलं होतं. म्हणून तळहात.

माणसांच्या चेहऱ्यांच्या रंगात जेवढा फरक असतो, त्यापेक्षा तळहातांच्या रंगात खूपच कमी असतो, आणि उजेडातला तळहात मधल्या करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ भरतो. पण तो धरायचा कसा, यावर सगळं ठरतं. पहिल्यांदा तिने मला खुर्चीत बसवलं, मी हात वर केला आणि रीडिंग आलं १/५००. माझा तळहात नकळत बाजूच्या खिडकीकडे वळला होता. चेहऱ्याच्या शेजारी, गालाला लावून, सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून धरल्यावर आलं १/२५०. मनगट वळलं तेवढ्यात एका स्टॉपचा फरक! कॅमेऱ्याजवळ उभं राहून स्वतःचाच हात मोजायचा प्रकार मी अनेकांना करताना पाहिला आहे. तिथला प्रकाश वेगळा असेल तर त्या रीडिंगला काही अर्थ नाही.

१/२५० वर तळहात करडा झाला असता. तो एक स्टॉप उजळ दिसायला हवा, म्हणून शटर १/१२५. एफ/४, आयएसओ ४००, मॅन्युअल. आयएसओ ऑटोवर राहिलेला नाही ना, हेही पाहून घेतलं. तो ऑटोवर असता तर कॅमेरा मागच्या दाराने पुन्हा आपलंच म्हणणं खरं करत बसला असता.

मग तिने स्पॉट आणखी दोन कामांना लावला, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग इथे झाला. चेहऱ्याची उजळ बाजू आणि सावलीची बाजू वेगवेगळी मोजली. फरक अडीच स्टॉप. इतका फरक म्हणजे चेहऱ्याची एक बाजू छापल्यावर जड दिसणार. थर्माकोलची पांढरी शीट मी सावलीच्या बाजूने जवळ आणली, फरक दीड स्टॉपवर आला. त्यानंतर खिडकी मोजली : बांधलेल्या एक्स्पोजरच्या तीन स्टॉप वर. झाडं त्याच्या एक स्टॉप खाली. म्हणजे झाडं फिकी पण झाडंच दिसणार, फांद्यांमधलं आकाश जवळजवळ जाणार. हे तिने संस्थेच्या माणसाला त्याच वेळी लॅपटॉपवर दाखवून विचारलं. तो म्हणाला, आकाश गेलं तरी चालेल. निर्णय आधी झाला, नंतरची कुरकुर वाचली.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, तोही तिने तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावला. त्वचेत लाल सर्वांत जास्त असतो, त्यामुळे एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही लाल चॅनल कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आधी भरतो आणि तिथे त्वचेचा पोत जाऊन मेणासारखा डाग उरतो. काळ्या कोटातल्या बाईंच्या कपाळाचं तेच झालं होतं.

दर माणसाआधी पाच सेकंदांची एक तपासणी ठरली : मी शेजारी उभा राहून तळहात धरायचा, तिने रीडिंग बघायचं. ते १/२५० च्या आसपास असेल तर काहीच करायचं नाही. सोळा माणसांत तीनदा ढग आले-गेले आणि रीडिंग दोन तृतीयांश स्टॉपने सरकलं, तेव्हा तिने शटरची चकती दोन टिचक्या फिरवली.

परिणाम

शेवटच्या सोळा जणांमध्ये खिडकी जागची हलली नाही. फोटो ओळीने लावल्यावर मागची झाडं एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सलग गेल्यासारखी दिसतात, आणि चेहरे ज्याचे त्याच्या रंगाचे. एका फायलीवर रंग-उजेडाचं काम केलं, ते बाकीच्यांना तसंच लावलं, अर्ध्या तासात आटपलं.

आधीच्या वीस जणांनी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. पहिल्या नऊंपैकी सात उचलून वापरता आले, दोघांचे कोट गडद असल्याने सावलीत कण दिसत होते. मधल्या अकरांपैकी तिघांच्या कपाळावरचा लाल चॅनल गेलेला, तो परत आणणं शक्य नव्हतं. अशा पाच जणांना दिवसअखेर पुन्हा बसवावं लागलं. एकीला निघायची घाई होती, ती हसली नाही, आणि तिचा फोटो भिंतीवर आजही तसाच गंभीर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळी पहिला माणूस यायच्या आधी मला खुर्चीत बसवून दहा मिनिटं दिली असती, तर वर लिहिलेल्यातलं बहुतेक काही घडलं नसतं. स्पॉटचं वर्तुळ कुठे आहे हे कळायला तर एक मिनिट पुरतं : काळ्या कापडावर पांढरा कागद ठेवायचा, फोकस बिंदू कागदावर न्यायचा, मध्य कापडावर ठेवायचा आणि शटरचा आकडा कोणाचं ऐकतो ते बघायचं.

पहिल्या माणसानंतरच लॅपटॉप बघायला हवा होता, नवव्यानंतर नव्हे. आणि ग्रे कार्ड बॅगेतून काढायचंच नाही. तळहाताने भागलं, पण "साधारण एक स्टॉप" यातल्या "साधारण"ची रुखरुख दिवसभर राहिली. घरी गेल्यावर तिने कार्ड आणि माझा हात एकाच उजेडात मोजले. फरक भरला एक स्टॉपहून जरा कमी.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळलेलं नाही. ज्या गडद वर्णाच्या गृहस्थांबद्दल वर लिहिलं, ते पुन्हा बसलेल्या पाचांमध्ये होते. बांधलेल्या एक्स्पोजरवर त्यांचा रंग अगदी त्यांचा आला, पण डोळ्यांच्या खोबणीत सावली दाटली. माझं म्हणणं होतं, एक तृतीयांश स्टॉप दे, कोणाला कळणार नाही. तिने शटरला हात लावला नाही. मला शीट त्यांच्या गुडघ्यांपर्यंत पुढे आणायला लावली, जरा खालून वर तिरकी, आणि डोळ्यांत एक बारीक पांढरी रेघ उमटेपर्यंत "अजून थोडी, अजून थोडी" म्हणत राहिली. फ्रेम चांगली आली. तिचं म्हणणं, माणसागणिक एक्स्पोजर हलवायला लागलो की आपण परत मधल्या अकरांमध्ये जाऊन बसतो. मला अजूनही वाटतं, ढगासाठी टिचकी चालते तर त्यांच्यासाठीही चालली असती.